टँकर गच्चीवरून वाहून गेला

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पुण्याचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरा आणि सोसायटीची गच्ची ५०० चौरस मीटर. साडेतीन लाख लिटर पाणी नुसत्या गच्चीवर पडतं. त्यातलं काही वाळेल, काही सांडेल, पहिल्या सरीचं घाण पाणी सोडून द्यावं लागेल. पाचवा हिस्सा वजा करा. २,८०,००० लिटर उरतात. म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर.

हे २८ टँकर पावसाळ्यात आपल्याच इमारतीच्या पाइपातून खाली येतात, फाटकाबाहेर पडतात, रस्त्यावर तळं करतात आणि पावसाळी गटारातून नदीत जातात. मे महिन्यात तीच सोसायटी टँकरवाल्याची मनधरणी करते. वर्गणी काढते, भांडते, नगरसेवकाला फोन लावते. वाघोली असो की उंड्री, पुण्याच्या कडेला वाढलेल्या प्रत्येक वस्तीत हेच चाललं आहे. पाणी नाही ही तक्रार खरी आहे. पण पाणी आलं तेव्हा आपण काय केलं, हा प्रश्नही तितकाच खरा आहे आणि तो कुणी विचारत नाही.

२८ टँकरनी काय होणार, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. ते पाणी शहराची तहान भागवणार नाही. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, हे सरकारी मान आहे. २८ घरं, प्रत्येकी चार माणसं, तर रोजचे १५ हजार लिटर झाले. या हिशेबाने गच्चीचं पाणी पुरेल अठरा दिवस. इमारत जितकी उंच, तितका एकेका घराच्या वाट्याला येणारा गच्चीचा तुकडा लहान. बंगला किंवा बैठं घर असेल तर चित्र पालटतं. १०० चौरस मीटर छप्पर, चार माणसं, तर तोच हिशेब शंभर दिवसांच्या पुढे जातो.

अठरा दिवस थोडे आहेत म्हणून सोडून द्यायचे का? टंचाईचे जे दिवस आपल्याला सर्वांत जास्त छळतात, ते मेच्या मध्यापासून पहिल्या दमदार पावसापर्यंतचे. त्यातले अठरा दिवस म्हणजे त्या काळाचा जवळजवळ निम्मा भाग. आणि हे पाणी धरणातून ओढून आणावं लागत नाही, ते डोक्यावर पडतं.

मग अडलं कुठे? नियमात तर नक्कीच नाही. मुंबई महापालिकेने २००२ मध्येच हजार चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांवर नव्या इमारतींना पर्जन्यजल संचय सक्तीचा केला. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना ही सक्ती आहे. ही व्यवस्था कायम चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची, असं त्यात लिहिलेलं आहे. ठेवली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकार लावायची तरतूद आहे. उलट बाजूने पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संचय यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर सामान्य करात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. काठीही आहे आणि गाजरही आहे.

तरी जमिनीवर काय आहे, ते सांगतो.

अलीकडे पुण्याच्या पूर्व भागातल्या एका सोसायटीत गेलो होतो. फाटकाशी मोठी पाटी: सौरऊर्जा, ओला कचरा, रेन वॉटर हार्वेस्टिंग. म्हटलं, हार्वेस्टिंगचं चेंबर बघू या. चेअरमननी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी वॉचमनकडे. वॉचमनकाकांना ठाऊक होतं. पार्किंगच्या कोपऱ्यात, एका गाडीच्या मागच्या चाकाखाली झाकण होतं. गाडीचा मालक शोधून आणला, गाडी हलवली, पहार घालून झाकण उचललं. आत वीतभर घट्ट गाळ, दुधाच्या पिशव्या, पिंपळाची कुजलेली पानं आणि बांधकामाच्या वेळी ओतून दिलेल्या सिमेंटचा गोळा. गच्चीवरून येणारा पाइप चेंबरच्या हातभर अलीकडेच कापून गटाराकडे वळवलेला.

सोसायटीचा नेहमीचा प्लंबर तिथेच होता. म्हणाला, "साहेब, एका पावसात पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी तुंबलं. सगळे ओरडायला लागले. मग मीच तोडून दिला."

त्याला दोष देता येणार नाही. चेंबर कधी उपसलंच नव्हतं, मग वाळूवर गाळाचा थर बसला, पाणी मुरेना, आणि ते उलटं पार्किंगमध्ये आलं. समोर दोन वाटा होत्या. चेंबर साफ करणं किंवा पाइप कापणं. साफ करायचं काम कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं. पाइप कापायचं काम मात्र अर्ध्या तासाचं होतं.

माझं सगळं म्हणणं एवढ्या एका प्रसंगात आहे. आपण पाणी धरायची व्यवस्था बांधतो आणि तिची राखण कुणाच्याच नावावर ठेवत नाही. बिल्डर ती बांधतो भोगवटा प्रमाणपत्रासाठी. पालिकेचा माणूस ती बघतो तेव्हा बहुधा खडी कोरडी असते, वाळू नवी असते, पाइपाचा रंगही उडालेला नसतो. इमारत सोसायटीच्या ताब्यात येते, बिल्डर जातो, आणि दोन पावसाळ्यांत चेंबरची कचराकुंडी होते. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार असतो, सीसीटीव्हीचा असतो, जनरेटरचा असतो. पाण्याच्या चेंबरचा नसतो.

राखण न केल्याची किंमत चेन्नईने मोजली आहे. तमिळनाडू सरकारने २००३ मध्ये राज्यातल्या सगळ्या इमारतींना, जुन्या-नव्या दोन्हींना, पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं. मुदत घातली, पाळली नाही तर नळजोडणी तोडू असं बजावलं. लोकांनी कामं केली, आणि पुढच्या काही वर्षांत चेन्नईतल्या विहिरींचं पाणी वर आलं. देशाने त्या कायद्याचं कौतुक केलं. पुढे धाक ओसरला, तपासणी थांबली, खड्डे गाळाने भरले. २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, रेड हिल्स, चोलवरम, चेंबरमबाक्कम हे चारही तलाव आटले. काही हॉटेलांनी जेवण बंद केलं, काही कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितलं. १२ जुलै २०१९ ला जोलारपेट्टईहून ५० वाघिणींची रेल्वे २५ लाख लिटर पाणी घेऊन चेन्नईत आली. ज्या राज्याने देशाला कायदा दिला, त्याच्याच राजधानीवर ही पाळी आली. मधल्या सोळा वर्षांत कायदा रद्द झाला नव्हता. पण चेंबरं उपसली जात नव्हती.

रेल्वेने पाणी आणणं आपल्यालाही नवं नाही. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली जलदूत ही पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणी, २५ लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ लातूरच्या प्रशासनावर आली होती.

आता लातूरचा हिशेब मांडू या. पाऊस ७५० मिलिमीटर, छप्पर १०० चौरस मीटर, पाचवा हिस्सा वजा. एका घरावर ६० हजार लिटर. २५ लाख लिटरची पूर्ण रेल्वे म्हणजे ४२ घरांच्या छपरांवरचं एका पावसाळ्याचं पाणी. दुष्काळाचं वर्ष आहे, निम्माच पाऊस झाला, असं धरा. मग ८४ घरं. एका गल्लीची छपरं एका रेल्वेइतकं पाणी झेलतात. हे सगळं पाणी हौदात मावणार नाही, ते जमिनीतच मुरवावं लागेल, आणि मुरवलेलं सगळंच्या सगळं परत मिळत नाही, हे मान्य. पण त्यातलं निम्मं हाती लागलं तरी गल्लीच्या बोअरला उन्हाळ्यात धाप लागणार नाही. त्या रेल्वेचं आपण स्वागत केलं, फोटो काढले, ते योग्यच होतं. माणसं तहानलेली होती. पण रेल्वे गेल्यावर लातूरच्या छपरांना पन्हळी लागायला हव्या होत्या, आणि त्याचा जाब त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत विचारला जायला हवा होता.

मुरवण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या बसाल्टचा आहे. हा खडक पाणी पीत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे दिसेल तिथे खड्डा खणला आणि त्यात पाइप सोडला, एवढ्याने भागत नाही. एका जागी खड्डा तासाभरात रिकामा होतो, वीस पावलांवर तो आठवडाभर डबकं होऊन राहतो. खणण्याआधी जागा बघावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे आपल्या राज्याचं खातं त्यासाठीच आहे, त्यांचा सल्ला घ्या. आणि भेगांना कुंपणाची भिंत कळत नाही. तुमच्या शोषखड्ड्यातलं पाणी शेजारच्या सोसायटीच्या बोअरला लागू शकतं, त्यांचं तुमच्या. म्हणून हे काम एका इमारतीने करण्यापेक्षा आख्ख्या गल्लीने केलं तर फळतं. शेजाऱ्याला पाणी जाईल म्हणून चेंबर बंद ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या बोअरलाही मे महिन्यात फेसच येतो.

दुसरी गोष्ट बोअरची. गच्चीवर कबुतरांची विष्ठा असते, धूळ असते, डांबरी पत्र्यांचे तुकडे असतात. तो पाइप गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडणं हा गुन्हा मानला पाहिजे. ती घाण खाली गेली की आळीभरच्या बोअरचं पाणी नासतं आणि ते पुन्हा शुद्ध करणं कुणाच्या हातात राहत नाही. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, १०० चौरस मीटरच्या गच्चीमागे निदान शंभर-दोनशे लिटर. त्यासाठी पाइपाला खाली एक वेगळा कॉक लागतो, बाकी काही नाही. मग खडी, वाळू आणि जाळी यांतून गाळून पाणी पुढे न्यायचं. न्हाणीघराचा आणि गच्चीचा पाइप कुठेही एकत्र येता कामा नये. अनेक जुन्या इमारतींत ते एकत्र आलेले असतात. ते आधी तोडा.

खेड्यापाड्यांत आणि वस्त्यांवर ही गोष्ट याहून सोपी आहे, म्हणून तिथलं दुर्लक्ष जास्त टोचतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी मे महिन्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतात, कारण उतारावरून आणि जांभ्यातून सगळं पाणी समुद्राकडे निघून जातं. पालघरच्या मोखाडा-जव्हारची तीच कथा. ऑगस्टात चिखल, एप्रिलमध्ये बायकांच्या डोक्यावर तीन-तीन हंडे.

३० चौरस मीटरचं पत्र्याचं छप्पर घ्या. दहा मिलिमीटरची एक सर पडली की, पत्र्यावर वाया जाणारा दहावा हिस्सा वजा करून, त्यावरून २७० लिटर पाणी ओघळतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा हंडे. अठरा हंडे म्हणजे विहिरीच्या किती खेपा, ते ज्या बाईने वाहिले तिला विचारा. कोकणात पागोळीखाली घागरी आणि पातेली लावायची रीत घरोघर आहे. ती रीत फक्त एक पायरी वर न्यायची. पीव्हीसीचा पाइप उभा चिरून पत्र्याच्या कडेला पन्हळ लावायची, तोंडाशी जाळी बांधायची, खाली पिंप किंवा टाकी ठेवायची. दोनशे लिटरचं पिंप एका सरीत भरून वाहू लागेल. म्हणून त्याचं वरचं तोंड परसातल्या विहिरीकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवायचं. पावसाचे चार महिने भांडी, कपडे, गोठा, संडास यांचं पाणी घरातच मिळेल आणि जादाचं जमिनीत उतरेल. घरकुल योजनेतून जी घरं उभी राहतात, त्यांच्या अंदाजपत्रकात ही पन्हळ पहिल्या दिवसापासून असायला हवी. घराला दार लागतं तशी पन्हळही लागते.

हे पाणी न उकळता, न शुद्ध करता प्यायचं नाही. आणि पिंप उघडं ठेवायचं नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. झाकण घट्ट हवं, तोंडाला कापड हवं, आणि आरोग्य खातं सांगतं तो आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला हवा. पाणी साठवण्याच्या नावाखाली वस्तीत ताप आणला, तर लोक पिंपही फेकतील आणि विचारही.

आपल्या मुलुखाला यातलं काहीच नवीन नाही. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तिथे भिक्षूंच्या लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेली टाकी आहेत आणि वरच्या उघड्या खडकावर बोटभर खोल चर खोदलेले आहेत. पाऊस त्या चरांतून टाक्यात उतरतो. आजही उतरतो. टाकं खोदून दिल्याचं दान तिथल्या शिलालेखांत नोंदलेलं आहे. त्या काळी पाण्याचं टाकं देणं हे पुण्य होतं. राजगड, शिवनेरी, रायगड, कुठल्याही गडावर जा, टाक्यांशिवाय गड नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्याबद्दल जे सांगितलं आहे, त्यात दोन गोष्टी जोडीने येतात. एकाच झऱ्यावर विसंबू नका, टाकी खोदा, ही एक. आणि त्या पाण्याची नीट राखण करा, ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्या नियमावलीने उचलली. दुसरी आपण सोडून दिली.

म्हणून मागणी सांगतो, आडपडदा न ठेवता.

महापालिकांनी पर्जन्यजल संचयाची तपासणी जुलैत करावी, भर पावसात. गच्चीवर पाणी आहे, चेंबरमध्ये पाणी उतरतंय, हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय कुणालाही करात सवलत देऊ नये. ज्यांना सवलत दिली त्या सोसायट्यांची यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावी. शेजारच्या इमारतीला सवलत मिळते आणि तिचा पाइप गटारात जातो, हे लोकच दाखवून देतील. सरकारी इमारती, शाळा, पालिकेची मंडई, पोलीस चौकी यांची तपासणी सगळ्यांच्या आधी व्हावी. पालिकेच्या स्वतःच्या छपराचं पाणी नाल्यात जात असेल तर तिला आकार लावायचा अधिकार उरत नाही. नियमातला हजार रुपयांचा आकार लावा आणि तो वसूल करून त्याच प्रभागात शोषखड्ड्यांवर खर्च करा.

आणि सोसायट्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे बहुतेक ठिकाणी ती पावसातच होते. ही चांगली सोय आहे. सभेआधी सगळ्यांनी मिळून गच्चीवर जा. उतार कुठे आहे, जाळ्या जागेवर आहेत का, झाडं कुठल्या फटीत उगवली आहेत, ते बघा. मग खाली या आणि चेंबरचं झाकण उघडा. गच्चीच्या तोंडाशी बादलीभर पाणी ओता आणि खाली ते कुठून बाहेर पडतं ते बघा. ही परीक्षा दहा मिनिटांची आहे, आणि तिला कुठलाही सल्लागार लागत नाही. पाणी चेंबरमध्ये आलं नाही तर पाइप कुठे कापला आहे ते शोधा आणि दुसऱ्या दिवशी जोडून घ्या. चेंबरवरची गाडी कायमची हलवा आणि त्या जागेला पिवळा पट्टा मारा.

त्यानंतर सभेत ठराव करा. दरवर्षी मे अखेरीस गच्ची झाडायची, चेंबर उपसायचं, वाळू धुवायची किंवा बदलायची, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उघडून बघायचं. ही चार कामं ठरावात लिहा. खर्च लिफ्टच्या करारासारखा अंदाजपत्रकात धरा. आणि प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि तारीख लिहा, समिती बदलली की नावही बदला. आपल्याकडे पाणी धरण्याचे ठराव पुष्कळ झाले. नावाशिवायचा आणखी एक ठराव मंजूर करू नका.